पॉम्पेई दोन तासांत आटपत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की वृत्तपत्रांच्या पर्यटनविषयक पानांवर इटलीच्या सहली झळकू लागतात. त्यांतली एक ओळ हमखास असते: ‘रोमहून एका दिवसात पॉम्पेई, व्हेसुव्हियस आणि अमाल्फीचा किनारा, छोटा ग्रुप, गाइडसह’. ही ओळ खोटी नसते, पण तिच्यात सर्वांत महत्त्वाचा आकडा नसतो. पॉम्पेई म्हणजे इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेलेले रोमन शहर. त्याच्या अवशेषांच्या दाराच्या आत किती तास मिळणार, हे कुणी छापत नाही. रोमन अवशेष पाहायला निघालेल्या वाचकांनी पैसे भरण्याआधी हा आकडा विचारावा आणि जाहिरातदारांनी तो छापावा, यासाठी हे पत्र.

हिशेब सोपा आहे. रोमपासून पॉम्पेई रस्त्याने सुमारे २४० किलोमीटर. सकाळी ७ वाजता व्हॅन सुटली आणि वाटेत एकदाच थांबली, तरी दारात पोहोचायला १० वाजतात. परतताना नेपल्सभोवती आणि रोममध्ये शिरताना कोंडी असते. म्हणजे १३ तासांच्या सहलीतले निदान ६ तास चाकांवर गेले. व्हेसुव्हियसला वाहन सुमारे १,००० मीटर उंचीपर्यंत जाते, पुढे मुखापर्यंत भुसभुशीत खडीवरून अर्ध्या तासाची चढण आहे. जाऊन-येऊन अडीच तास धरावेच लागतात. जेवणाचा एक तास आणि अमाल्फीच्या वळणावळणाच्या रस्त्याचा वेळ वजा केला की पॉम्पेईच्या वाट्याला दोन तास येतात. त्यातलाही अर्धा तास तिकिटे, सुरक्षा तपासणी, स्वच्छतागृह आणि माणसे मोजण्यात जातो. तटबंदीच्या आतले पॉम्पेई सुमारे ६६ हेक्टरचे आहे आणि त्यातला जवळजवळ दोनतृतीयांश भाग उकरलेला आहे. पश्चिमेच्या दारापासून पूर्वेच्या अँफिथिएटरपर्यंत (खेळांच्या गोलाकार प्रेक्षागारापर्यंत) सरळ चालत गेले तरी किलोमीटरभराहून जास्त अंतर पडते. दीड तासात फोरम म्हणजे शहराचा मुख्य चौक, एक स्नानगृह आणि एखादे घर होते. बाकीचे शहर तसेच राहते आणि माणूस ‘पॉम्पेई पाहिले’ असे म्हणत परत येतो.

आमचे स्पष्ट मत असे की एका दिवसात एकच अवशेषस्थळ घ्यावे. फार तर त्याला जोडून एखादे संग्रहालय. पॉम्पेईला आतमध्ये ५ तास द्यावेत, त्यातले ३ गाइडबरोबर आणि २ आपले आपण.

‘छोटा ग्रुप’ या शब्दांचे ठरावीक माप नाही. कुणी ८ माणसांना छोटा ग्रुप म्हणतो, कुणी २५ ना. त्यामुळे ‘जास्तीत जास्त किती?’ हे लेखी विचारावे आणि उत्तर १२ च्या वर गेले तर दुसरीकडे पाहावे. हा आकडा उगाच धरलेला नाही. पॉम्पेईतली घरे बाहेरून रुंद दिसली तरी प्रवेशाची बोळकांडी अरुंद असते. एका माणसाला उंबरा ओलांडायला १० सेकंद लागले, तर २५ जणांना ४ मिनिटे लागतात आणि बाहेर पडताना पुन्हा ४. अशी सहा घरे घेतली की पाऊण तास नुसता दारात उभे राहण्यात जातो. शिवाय बेकरीच्या खोलीत १२ जण गाइडभोवती कोंडाळे करू शकतात. २५ जणांतल्या मागच्यांना गाइड काय दाखवतो आहे ते दिसतच नाही, कानातल्या रेडिओ यंत्रातून फक्त आवाज येतो. हे यंत्रही जाड भिंतींआड गेले की खरखरते आणि फोटो काढायला मागे राहिलेल्याला त्यावरून दिशा कळत नाही.

गाइडबाबत एक घोटाळा फार होतो. इटलीत पर्यटक मार्गदर्शक हा परवान्याचा व्यवसाय आहे. २०२३ च्या कायदा क्रमांक १९० ने त्यासाठी राष्ट्रीय परीक्षा आणि राष्ट्रीय यादी आणली. ग्रुपसोबत रोमहून निघणारा माणूस मात्र बरेचदा सहल-सोबती किंवा चालक असतो. तो वाटेत छान गप्पा मारतो आणि दारापाशी ‘दोन तासांनी इथेच भेटा’ म्हणून थांबतो, कारण आत माहिती सांगण्याचा परवाना त्याच्याकडे नसतो. जाहिरातीतला ‘गाइडसह’ हा शब्द या दोघांनाही लावला जातो. म्हणून प्रश्न असा विचारावा: अवशेषांच्या आत परवानाधारक गाइड आमच्याबरोबर किती वेळ असेल आणि तो कोणत्या भाषेत बोलेल? एकाच ग्रुपला दोन भाषांत आळीपाळीने सांगणारा गाइड असेल, तर तीन तासांतला निम्माच वेळ आपला.

आता तिकीट. नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला २०,००० जणांची मर्यादा आहे आणि तिकिटावर प्रत्येकाचे नाव असते. ओळखपत्राशी ते जुळवून पाहिले जाऊ शकते. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव यांचा क्रम कागदागणिक बदलतो, त्यामुळे नोंदणी करताना पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने लिहावे आणि पासपोर्ट जवळ ठेवावा. तिकिटाचे दोन मुख्य प्रकार आहेत. साध्या ‘एक्स्प्रेस’ तिकिटात तटबंदीच्या आतले शहर येते. लाल पार्श्वभूमीवरच्या भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेला ‘व्हिला ऑफ द मिस्टरीज’ तटबंदीबाहेर आहे आणि तो ‘प्लस’ तिकिटातच मिळतो. सहलीच्या माहितीपत्रकावर त्या चित्रांचा फोटो आणि पाकिटात साधे तिकीट, असे होऊ देऊ नये. १८ वर्षांखालील मुलांना, ती कोणत्याही देशाची असोत, प्रवेश मोफत असतो, पण तिकीट काढावेच लागते. १८ ते २५ वयोगटाची मोठी सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्वांना प्रवेश मोफत असतो आणि नेमका तोच दिवस टाळावा, कारण गर्दीत गाइडचा आवाजही पोहोचत नाही. ‘रांग टाळा’ असे लिहिलेल्या तिकिटाने फक्त खिडकीवरची रांग टळते, सुरक्षा तपासणीची नाही. ३० × ३० × १५ सेंटीमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. ती सामानघरात ठेवावी लागते आणि ती परत घेण्यासाठी त्याच दाराशी यावे लागते. दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे ठरवले असेल तर हे महागात पडते.

दारांचा मुद्दा निघालाच आहे. पॉम्पेईला प्रवेश तीन ठिकाणांहून आहे: पोर्ता मारीना, पियाझ्झा एझेद्रा आणि पियाझ्झा अँफितेआत्रो. पहिली दोन जवळजवळ आहेत, तिसरे शहराच्या दुसऱ्या टोकाला. ग्रुपची भेट कोणत्या दाराशी हे न वाचल्यामुळे सहल हुकणारे लोक रोज दिसतात. स्टेशनांचेही तसेच. नेपल्सहून चिर्कुमवेसुवियाना या लोकल गाडीच्या सोरेंतो मार्गावर ‘पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ हे स्टेशन आहे. तिथून पोर्ता मारीना दोन-तीन मिनिटांवर. याच कंपनीच्या दुसऱ्या मार्गावर ‘पॉम्पेई सान्तुआरिओ’ आहे, आणि राष्ट्रीय रेल्वेचे नुसते ‘पॉम्पेई’ नावाचे स्टेशन वेगळेच. ही दोन्ही आधुनिक गावात आहेत आणि त्यांना पूर्वेकडचे दार जवळ पडते. भेटीचे ठिकाण पोर्ता मारीना असेल आणि आपण सान्तुआरिओला उतरलो, तर ग्रुप निघून गेलेला असतो.

नेपल्सपासूनच सुरू होणारी सहल घेणे आम्हाला रोमहून जाणाऱ्या व्हॅनपेक्षा केव्हाही शहाणपणाचे वाटते. रोम तेर्मिनीहून नेपल्सची वेगवान गाडी साधारण सव्वा तास घेते. पुढे त्याच स्टेशनाखालच्या गारिबाल्दी स्थानकातून लोकलने ३५ ते ४० मिनिटे. सकाळी ७ च्या सुमाराची गाडी धरली तर साडेनऊपर्यंत दारात. लोकलला गर्दी असते, उन्हाळ्यात डबे तापतात, खिसेकापूंपासून सावध राहावे लागते आणि इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होतात. ते आधी जाहीर केले जातात, तेव्हा दोन दिवस अगोदर तपासावे. स्टेशनासमोर ‘माहिती केंद्र’ अशी पाटी लावून सहली विकणारी खासगी दुकाने आहेत. ती अधिकृत तिकीटखिडकी नव्हे.

आत गेल्यावर काय पाहायचे, यावर बोलण्याजोगे पुष्कळ आहे. पोर्ता मारीनाची दगडी चढण चढून बॅसिलिका (न्यायदानाचे आणि व्यवहारांचे सभागृह) आणि फोरम ओलांडले की बहुतेक ग्रुप ठरलेल्या वाटेने जातात. गाइड चांगला असेल तर तो इमारतींची नावे मोजत नाही, शहर कसे चालत होते ते दाखवतो. रस्त्याकडे पाहा. बहुकोनी काळ्या दगडांचा रस्ता पदपथापेक्षा खोल आहे, कारण पावसाचे आणि सांडपाण्याचे पाणी त्यावरूनच वाहत असे. मधोमध ठेवलेले उंच दगड म्हणजे पाय न भिजवता रस्ता ओलांडायची सोय. त्यांच्यामधल्या फटींतून गाडीची चाके जात, आणि त्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या अजून आहेत. चौकाचौकांत सार्वजनिक हौद आहेत, ४० हून अधिक. त्यांच्या कडेवर एका हाताने टेकून पाणी पिणाऱ्यांनी दगड झिजवला आहे, ती झीज बोटांनी नव्हे, डोळ्यांनी पाहावी. पाणी वेसुव्हिओ दाराजवळच्या वितरणघरातून शिशाच्या नळांनी येई. वाटेत उंच विटांचे स्तंभ दिसतात, त्यांच्या माथ्यावर शिशाची टाकी असे. उतारावरच्या शहरात पाण्याचा दाब वाढून नळ फुटू नयेत म्हणून तो इथे मोडला जाई.

घर वाचायचे असेल तर दारात उभे राहून सरळ आत पाहावे. वाड्याच्या चौकाची सवय असलेल्याला ते लगेच उमगते. छताला मधोमध उघडी जागा, खाली उथळ हौद, त्यातून पाणी जमिनीखालच्या टाकीत. त्यापलीकडे घरमालक कामे घेऊन आलेल्यांना भेटे ती खोली, आणि मागे खांबांनी वेढलेली बाग. दारापासून बागेपर्यंतची ही एक रेषा मुद्दाम मोकळी ठेवलेली असे, रस्त्यावरून जाणाऱ्याला वैभव दिसावे म्हणून. ‘हाउस ऑफ द फॉन’मध्ये ही रेषा सर्वांत भव्य आहे. तिथले अलेक्झांडरचे मोझाइक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेले चित्र, ही प्रतिकृती आहे, मूळ नेपल्सच्या संग्रहालयात. जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा उघडलेल्या व्हेत्ती बंधूंच्या घराचे मालक गुलामगिरीतून मुक्त झालेले व्यापारी होते, आणि त्या भिंतींवरची श्रीमंती त्या माहितीसह पाहिली की वेगळीच दिसते. मात्र घरे आळीपाळीने बंद असतात. त्या दिवशी कोणती उघडी आहेत याची यादी अधिकृत संकेतस्थळावर असते, ती सकाळी पाहावी.

भिंतींचा गिलावा पडला आहे तिथे थांबावे. वेड्यावाकड्या दगडांची भिंत जुनी, जाळीसारख्या तिरक्या चौकोनांची त्यानंतरची, आणि मध्येच लाल विटांची ठिगळे दिसली तर ती बहुधा इसवी सन ६२ च्या भूकंपानंतरची दुरुस्ती. ज्वालामुखी फुटला तेव्हा, म्हणजे ७९ मध्ये, शहर अजून डागडुजीतच होते. बेकऱ्या तीसहून अधिक सापडल्या आहेत. त्यांत धान्य दळायची ज्वालामुखीच्या दगडाची जाती आहेत, खाली शंकू आणि वर डमरूच्या आकाराचा पोकळ दगड. वर धान्य ओतायचे आणि लाकडी दांड्याला गाढव किंवा गुलाम जुंपून फिरवायचे. शेजारची भट्टी आजच्या कुठल्याही विटांनी बांधलेल्या पावभट्टीसारखी आहे. २०२१ पासून खुल्या झालेल्या चित्रमय खानावळीच्या ओट्यात पुरलेल्या रांजणांत बदक, डुक्कर, बकरी, मासे आणि गोगलगाय यांचे अंश मिळाले.

काही गोष्टी गाइड पिढ्यान्‌पिढ्या चुकीच्या सांगत आले आहेत आणि ऐकणाऱ्याने त्या ओळखाव्यात. पॉम्पेई लाव्ह्याखाली गाडले गेले नाही. आधी तासन्‌तास हलक्या सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला, त्याच्या भाराने छपरे कोसळली, आणि दुसऱ्या सकाळी राख आणि तप्त वायूंचे लोट आले, त्यांनी उरलेल्यांचा बळी घेतला. रस्त्यावरचे कोरीव लिंग वेश्यागृहाची दिशा दाखवते, हे रंजक आहे पण खात्रीचे नाही. अशी चिन्हे बेकऱ्यांवर आणि घरांवरही आहेत, दृष्ट लागू नये म्हणून. उद्रेकाची तारीख २४ ऑगस्ट, असे ठाम सांगितले जाते. २०१८ मध्ये कोळशाने लिहिलेला एक मजकूर मिळाला, त्यावरची तिथी १७ ऑक्टोबरला जुळते, आणि वाद अजून मिटलेला नाही. जो गाइड दोन्ही बाजू सांगतो तो चांगला.

सर्वांत जास्त गैरसमज माणसांच्या आकृत्यांबद्दल आहे. ती दगड झालेली शरीरे नव्हेत. राख घट्ट झाली, आतले शरीर कुजले आणि पोकळी उरली. १८६३ मध्ये ज्युसेप्पे फिओरेल्ली यांनी अशा पोकळीत पातळ प्लास्टर ओतून, ते सुकल्यावर राख काढण्याची पद्धत रूढ केली. प्लास्टरच्या आत हाडे अजून आहेत. म्हणजे ती माणसांची अखेरची जागा आहे आणि तिच्यासमोर हसत फोटो काढणे बरे नव्हे. ‘सोन्याच्या कंकणाच्या घरा’तली बाळाला घेतलेली आई म्हणून दाखवली जाणारी आकृती पुरुषाची आहे आणि त्याचे बाळाशी नाते नाही, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात दिसले.

गाइडची वेळ संपते तेव्हा ग्रुप सहसा फोरमजवळ किंवा नाट्यगृहांपाशी सुटतो. तिथेच परत फिरू नये. व्हिया देल अब्बोंदान्झा या मुख्य रस्त्याने पूर्वेकडे जावे, गर्दी निम्म्याहून कमी होते. आग्नेयेला ‘पळून जाणाऱ्यांची बाग’ आहे, तिथे १३ आकृत्या जिथे सापडल्या तिथेच ठेवल्या आहेत. त्यापुढे सुमारे इसवी सनपूर्व ७० मधले अँफिथिएटर. इसवी सन ५९ मध्ये इथे शेजारच्या नुकेरिया गावच्या प्रेक्षकांशी दंगल होऊन माणसे मेली आणि दहा वर्षे खेळांवर बंदी आली, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने केली आहे. रिकाम्या अँफिथिएटरमध्ये दहा मिनिटे बसायला मिळणे हा मोकळ्या दोन तासांचा खरा लाभ.

गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी पोर्ता मारीनाचा ग्रुप घेऊ नये. पियाझ्झा अँफितेआत्रोकडून तीन किलोमीटरहून लांब, सपाट केलेला मार्ग आहे. चाकांच्या खुर्चीसाठीही तो आखलेला आहे. गाइडला तो आधी सांगावा लागतो, कारण नेहमीची वाट बदलते. दगड गुळगुळीत झाले आहेत आणि पावसात निसरडे होतात. जाड, खाचा असलेल्या तळाचे बंद बूट हवेत, चपला नकोत. सावली फार कमी. रिकामी बाटली न्यावी, आतल्या नळांचे पाणी पिण्याजोगे आहे. एप्रिल ते ऑक्टोबर ९ ते ७ उघडे असते आणि साडेपाचला शेवटचा प्रवेश. नोव्हेंबर ते मार्च ५ ला बंद होते आणि प्रवेश साडेतीनपर्यंतच. हिवाळ्यात रोमहून ११ ला पोहोचणारी सहल म्हणून अधिकच तोट्याची.

पाच तास चालणे जमणार नसेल तर त्याच उद्रेकात गाडले गेलेले दुसरे रोमन गाव, हर्क्युलेनियम घ्यावे. सुमारे २० मीटर जाड थराखाली गाडले गेल्याने तिथे जळून कोळसा झालेली लाकडी दारे, तुळया, वरचे मजले टिकले. उघडा भाग लहान आहे, तीन तासांत नीट होतो. समुद्राकाठच्या होड्यांच्या कमानींत सुमारे ३०० जणांचे सांगाडे सापडले. एर्कोलानो स्कावी स्टेशनावरून दहा मिनिटांचा उतार आहे, परतताना तोच चढ. आणि रोम सोडायचेच नसेल तर ओस्तिया अँतिका, म्हणजे प्राचीन रोमच्या बंदराचे अवशेष. पिरामिदे मेट्रो स्थानकाला लागून असलेल्या स्टेशनावरून अर्ध्या तासात, दीड युरोच्या साध्या शहरी तिकिटावर. तिथे अनेकमजली भाड्याच्या इमारती आहेत, बंदरातल्या व्यापारी संघांच्या कचेऱ्यांपुढची मोझाइक आहेत, आणि रांगेत दगडी आसने असलेले सार्वजनिक शौचालय आहे. सोमवारी बंद.

नेपल्सला मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय सोडू नये. ते मंगळवारी बंद असते. पॉम्पेईतली उत्तम चित्रे आणि मोझाइक तिथे आहेत. ‘गुप्त दालन’ म्हटल्या जाणाऱ्या खोलीत सुमारे २४ सेंटीमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडलेली, लक्ष्मी म्हणून ओळखली जाणारी, पण बहुधा यक्षी. तिच्यावर खरोष्ठी या प्राचीन भारतीय लिपीतले अक्षर आहे आणि तिच्यासारख्या घडणीच्या मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदन इथे मिळाल्या आहेत. ग्रुपच्या वाटेत हे दालन सहसा नसते. गाइडला आधीच सांगून ठेवावे.

आपले,
रोमन पुरातत्त्वाचे अभ्यासक असलेले काही वाचक